उंदरांचा लकवा बरा होतो, मग माणसांचा का नाही? (स्ट्रोकच्या प्रयोगशाळेतून)

पूर्वभाग

या मंचावर अधूनमधून एक बातमी फिरते: अमुक विद्यापीठात उंदरांचा लकवा बरा झाला, औषध लवकरच येणार. खाली कुणीतरी विचारतं, "सोलापुरात कधी मिळेल?" घरात माणूस अंथरुणाला खिळलेला असताना अशी बातमी वाचली की जीव किती आशेला लागतो ते मी पाहिलंय, म्हणून हा धागा. मी सोलापूरची, शिक्षण औषधशास्त्राचं, काही वर्षं बाहेरगावी स्ट्रोकच्याच, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून येणाऱ्या लकव्याच्या, प्रयोगशाळेत काम करते. उंदरांचा लकवा खरंच बरा होतो. बातमी खोटी नसते. अडचण दुसरीकडे आहे.

आधी प्रयोग कसा करतात ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. उंदराला पूर्ण भूल देतात. मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिनीतून नायलॉनचा बारीक दोरा हळूहळू वर सरकवतात. तो मेंदूच्या मधल्या धमनीच्या तोंडाशी जाऊन बसला की त्या बाजूचा रक्तपुरवठा तुटतो. माणसातही बहुतेक वेळा हीच धमनी बंद पडते. कोइझुमी यांनी १९८६ मध्ये ही पद्धत मांडली, १९८९ मध्ये लोंगा यांनी ती सुधारली, आणि आजही जगभर तीच चालते. तास-दीड तासाने दोरा काढला की रक्त पुन्हा सुरू होतं. दुसऱ्या दिवशी मेंदूच्या चकत्या करून टीटीसी नावाच्या द्रावणात ठेवतात. जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. "उंदरांवर यशस्वी" याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की औषध दिलेल्या उंदरांत तो पांढरा भाग लहान दिसला.

आता मेंदूत काय होतं ते. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला हा अवयव २० टक्के प्राणवायू वापरतो आणि साठा जवळजवळ काहीच ठेवत नाही. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, १० च्या आसपास गेलं की मरतात. या दोन आकड्यांच्या मधल्या भागातल्या पेशी गप्प असतात, पण जिवंत असतात. अ‍ॅस्ट्रप, सिजो आणि सायमन यांनी १९८१ मध्ये या भागाला पेनम्ब्रा म्हटलं. स्ट्रोकचे सगळे तातडीचे उपचार या पट्ट्यासाठी चालतात. मधोमध जे मेलं ते मेलं.

आणि मग सूज. माझं काम यातलं आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

मरणाऱ्या पेशींतून जी द्रव्यं बाहेर पडतात त्यांनी मायक्रोग्लिया चेततात. या मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी. स्पेनच्या पिओ देल रिओ होर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखून दाखवल्या. त्या इंटरल्यूकिन-१, टीएनएफ असे रेणू सोडतात. त्या इशाऱ्यावर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर चिकटणारे रेणू येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना धरतात आणि भिंतीतून आत शिरतात. सुरुवातीला न्यूट्रोफिल, पुढच्या काही दिवसांत मोनोसाइट. त्यांच्याकडून एमएमपी-९ नावाचं विकर सुटतं, ते रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर कुरतडतं, पाणी आत झिरपतं आणि मेंदू सुजतो. कवटी ताणत नाही, त्यामुळे वाचलेला भागही दाबला जातो.

हे कळल्यावर साहजिक विचार येतो की सूजच थांबवू. उंदरांत आयकॅम-१ या चिकट रेणूला अडवणारी अँटिबॉडी दिली आणि मेंदू वाचला. मग माणसांत एन्लिमोमॅब नावाची तशीच अँटिबॉडी तपासली. २००१ मध्ये निकाल आला: औषध घेतलेल्यांत मृत्यू जास्त. ती अँटिबॉडी उंदराची होती, माणसाच्या शरीराने तिलाच परकं मानलं, ताप चढला, आणि स्ट्रोकनंतर ताप म्हणजे मेंदूची आणखी हानी. दुसरी गोष्ट २००६ मधली. एमएमपी पहिल्या दिवशी अडवलं तर उंदरांना फायदा झाला, सातव्या दिवशी अडवलं तर नुकसान झालं. कारण पहिल्या दिवशी भिंत तोडणारं तेच विकर आठवड्याने नव्या रक्तवाहिन्या घडवायला लागतं. सूज शत्रू की मित्र, हे तारखेवर ठरतं. या विषयात मला सर्वात जास्त धरून ठेवलं ते याच गोष्टीने.

२००६ मध्येच एका आढाव्यात प्रयोगशाळेत तपासलेले स्ट्रोकवरचे उपचार मोजले गेले. १०२६ निघाले. मेंदूच्या पेशी थेट वाचवणारं, जगभर मान्य झालेलं औषध त्यातून एकही आलं नाही. त्यातलं एनएक्सवाय-०५९ हे औषध सर्वात पुढे गेलं होतं. मोठ्या चाचण्यांपैकी पहिलीत थोडा फायदा दिसला, तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या दुसरीत काहीच नाही.

मला यामागचं मोठं कारण उंदरांच्या निवडीत दिसतं. प्रयोगातले उंदीर दोन-तीन महिन्यांचे, नर, निरोगी, एकाच वंशाचे, एकच खाणं खाणारे. आपले रुग्ण साठीचे, बीपीचे, शुगरचे, वीस वर्षं तंबाखू खाल्लेले, निम्म्या बायका. उंदराला औषध मिनिटांत मिळतं, माणसाला तासांनी. आणखी एक: उंदीर रात्री जागा असतो, प्रयोग होतात दिवसा, त्याच्या झोपेच्या वेळी. २०२० मध्ये हार्वर्डच्या गटाने दाखवलं की पूर्वी यशस्वी ठरलेले तीन उपचार झोपेच्या वेळच्या स्ट्रोकमध्ये चालतात आणि जागेपणीच्या स्ट्रोकमध्ये फसतात. त्या तिघांतलं एक द्रव्य एनएक्सवाय-०५९ ज्यापासून बनवलं तेच होतं. माणसांचे बहुतेक स्ट्रोक जागेपणीच होतात.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रयोग थांबवू नयेत, पण म्हाताऱ्या, बीपी असलेल्या, नर-मादी दोन्ही प्राण्यांवर करावेत आणि फसलेले प्रयोगही छापावेत. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

भीमाकाठ

ताई, सावकाश दोनदा वाचलं. आमच्याकडं पाटाचं पाणी तुटलं की शेवटच्या सऱ्या आधी माना टाकतात. मेलेल्या नसतात, वेळेत पाणी आलं तर उठतात. पेनम्ब्रा म्हणजे तेच ना?

पूर्वभाग

@भीमाकाठ, अगदी तेच. फरक एवढाच की पिकाला दिवस मिळतात. मोठी धमनी बंद असताना मेंदूच्या मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशोब २००६ मध्ये एका न्यूरॉलॉजिस्टने मांडला.

चाटीगल्ली

आमच्या अव्वाला दिवाळीनंतर झालं. सकाळी चहाचा कप हातातून पडला, तोंड वाकडं, बोलणं जड. शेजारचे म्हणाले लकव्याचं औषध देणारे एक जण आहेत, आधी तिकडे न्या. नेलं. तिथून दवाखान्यात पोचेस्तोवर दुपार झाली. डॉक्टर म्हणाले गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ गेली. आता उजवा हात उचलत नाही, पण काठी धरून चालते. तिला सिटिकोलीनच्या गोळ्या चालू आहेत. मेंदूला ताकद येते म्हणाले. महिन्याचा खर्च बराच आहे. ताई, हे औषधही त्या १०२६ मधलंच का?

डॉ_सातरस्ता

@चाटीगल्ली, याचं उत्तर मी देतो, रोजचाच प्रश्न आहे. सिटिकोलीन प्राण्यांत चांगलं दिसलं होतं. २०१२ मध्ये युरोपात २२९८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: फायदा नाही. चाचणी मधेच थांबवावी लागली. अपाय विशेष नाही, म्हणून अजून लिहिलं जातं. माझं मत स्पष्ट आहे. घरात पैसे मोजके असतील तर ते फिजिओथेरपी आणि बीपीच्या गोळ्यांवर घालवा. पण तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच बंद करा, आणि रक्त पातळ करणारी गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

मूळ लेखातल्या सुजेबद्दल एक. नातेवाईक मला नेहमी म्हणतात, "पहिल्या दिवशी बोलत होते, तिसऱ्या दिवशी गुंगीत गेले, दवाखान्यातच काहीतरी चुकलं." मोठ्या स्ट्रोकमध्ये सूज दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान शिखराला जाते. ताईंनी सांगितलेला अडसर फाटण्याचा प्रकार वॉर्डात असा दिसतो.

वेळेचं पुन्हा सांगतो. तोंड वाकडं, हात गळालेला, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात थेट जायचं. इंजेक्शनची मुदत साडेचार तास. मोठी गुठळी तारेने ओढून काढायचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, हे २०१८ च्या दोन चाचण्यांनी दाखवलं. मंगळवेढा, अक्कलकोटकडून येणाऱ्यांचा अर्धा वेळ रस्त्यातच जातो, म्हणून घरात चर्चा करत बसू नका. शेवटचं नीट केव्हा होते, ती वेळ तेवढी लिहून आणा. पहिला प्रश्न तोच असतो.

बार्शीलाईट

लेख मनापासून लिहिलाय, पण मला एक पटत नाही. हजारावर उपचार फसले, म्हणजे किती लाख उंदीर मारले? आणि हाती काय आलं? आता तुम्ही म्हणता म्हाताऱ्या, आजारी उंदरांवर करा. म्हणजे आणखी हाल. त्यापेक्षा तोच पैसा तालुक्याच्या ठिकाणी सीटी मशीन आणि तंत्रज्ञ देण्यात का घालू नये?

पूर्वभाग

@बार्शीलाईट, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. प्राण्यांचा जीव जातो हे खरं आहे. आपल्याकडे प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, किती प्राणी आणि का, ते आधी लिहून द्यावं लागतं. तरी जीव जातोच, आणि म्हणूनच चुकीच्या प्राण्यावर केलेला प्रयोग मला सर्वात जास्त टोचतो. तो जीव फुकट गेला.

पण "हाती काय आलं" याला उत्तर आहे. डॉक्टरांनी वर सांगितलेलं गुठळी विरघळवणारं औषध, टीपीए, १९८५ मध्ये झिविन यांच्या गटाने सशांवर दाखवलं. सशाच्या मेंदूत छोट्या गुठळ्या सोडायच्या, मग औषध द्यायचं. माणसांवरची निर्णायक चाचणी १९९५ मध्ये आली. अमेरिकेत परवानगी १९९६ मध्ये. आज ज्याची मुदत चुकली म्हणून आपण हळहळतो ते सशांकडून आलंय. पेनम्ब्रा माकडांवरच्या प्रयोगांतून कळला, आणि तो कळला नसता तर २४ तासांपर्यंत कुणाला वाचवता येईल हे स्कॅनवर ओळखताच आलं नसतं.

आजारी प्राण्यांबद्दल: जपानमध्ये क्योटोत ओकामोटो आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये आपोआप बीपी वाढून स्ट्रोक येणाऱ्या उंदरांचा वंश तयार केला. तिथे धमनी बंद करावी लागत नाही, ती बीपीनेच खराब होते. आपल्या रुग्णाच्या जास्त जवळचं. आणि अमेरिकेत आता सहा प्रयोगशाळा मिळून एकच औषध तपासतात, कुठल्या उंदराला काय दिलं ते मोजणाऱ्याला सांगत नाहीत, त्यात म्हातारे, लठ्ठ आणि बीपीचे प्राणी घेतात. पहिल्या फेरीत सहा उपचार होते. शेवटपर्यंत टिकलं ते फक्त युरिक आम्ल. एकेका प्रयोगशाळेने सुटं काम केलं असतं तर सहाच्या सहा "यशस्वी" म्हणून छापून आले असते, असं मला वाटतं.

सीटी मशीनबद्दल पूर्ण सहमत. मी त्याच्या आड येणार नाही.

बार्शीलाईट

सशांचं माहीत नव्हतं. माणसाच्या पेशींपासून चिपवर रक्तवाहिनी बनवतात असं वाचलंय, त्याने प्राणी कमी होतील असं धरून चालतो. तालुक्याच्या सीटीचा मुद्दा मात्र सोडत नाही.

पूर्वभाग

सोडूही नका. चिपवर अडसराचा अभ्यास छान होतो, पण चिपला बीपी नसतं, ताप येत नाही, आणि आठवड्याने हात उचलला का ते तिला विचारता येत नाही.

शेंगाचटणी

मी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. बीपी वाढतं म्हणून मीठ कमी खा, एवढंच आम्हाला शिकवलंय. मिठाचा आणि मेंदूच्या सुजेचा थेट संबंध आहे का?

पूर्वभाग

आवडीचा प्रश्न. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या फराको, याडेकोला यांच्या गटाने उंदरांना काही आठवडे खूप खारट खाणं दिलं. बीपी वाढलं नाही, तरी मेंदूचा रक्तप्रवाह घटला आणि उंदीर स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडले. शोध घेतला तर मूळ आतड्यात निघालं. मिठामुळे आतड्यात टीएच-१७ या पांढऱ्या पेशी वाढतात, त्यांचा इंटरल्यूकिन-१७ रक्तात येतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर पुरेसं नायट्रिक ऑक्साइड बनवू शकत नाही, मग त्या नीट सैलावत नाहीत. खाणं पुन्हा साधं केल्यावर रक्तप्रवाह सुधारला.

पण आता माझाच निकष लावते: ते मीठ माणसाच्या मानाने प्रचंड होतं. त्यावरून चटणी खाल्ली की बुद्धी गेली असं कुणी लिहू नका. बीपीसाठी मात्र पुरावा माणसांतलाच आणि भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी. यात भाजी, भाकरी, पापड, लोणचं, शेंगाचटणी सगळं आलं. आपल्या जेवणात ते दुपारीच संपतं.

आजोळ_अक्कलकोट

वडिलांच्या मानेतल्या नसेत चरबी साठली आहे, ६० टक्के. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि अ‍ॅस्पिरिन चालू. कुठेतरी वाचलं की ही चरबी नसून सूज आहे आणि गाऊटची गोळी, कोल्चिसिन, त्यावर चालते. विचारू का डॉक्टरांना?

पूर्वभाग

दोन्ही आहे. रशियात १९१३ मध्ये अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून धमन्यांत थर तयार केले, तिथून चरबीची बाजू पक्की झाली. सुजेची बाजू विरखो यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली होती, पण माणसांत तिचा ठोस पुरावा २०१७ मध्ये मिळाला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर लोकांच्या चाचणीत इंटरल्यूकिन-१ अडवणारं कॅनाकिनुमॅब तपासलं. कोलेस्टेरॉल तेवढंच राहिलं, तरी पुढचे झटके सुमारे १५ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. औषध महाग, आणि या कामासाठी ते बाजारात आलंच नाही.

कोल्चिसिन स्वस्त, हृदयरोगात उपयोगी दिसलंय. स्ट्रोकनंतर मात्र २०२४ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, एक युरोपातली, एक चीनमधली. दोन्हींत ठरवलेल्या मुख्य निकषावर फायदा सिद्ध झाला नाही. डॉक्टरांना जरूर विचारा, पण स्टॅटिन सोडून त्यामागे जाऊ नका.

भीमाकाठ

कोल्चिसिन म्हणजे कळलावीतलं ना? पावसाळ्यात बांधाला लाल-पिवळ्या ज्वाळांची फुलं येतात ती. गावात काही लोक तिचा कंद उगाळून देतात.

डॉ_सातरस्ता

हो, तीच. कुणी देऊ नका, कुणी घेऊ नका. गोळीत मात्रा अर्धा मिलिग्रॅम असते, कंदात किती आहे ते उगाळणाऱ्याला कळत नाही. कळलावीच्या विषबाधेत आधी उलट्या-जुलाब होतात, मग मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा बंद पडते. उतारा सहज मिळत नाही.

आलोच आहे तर आणखी एक. स्ट्रोकचे बरेच रुग्ण न्यूमोनियाने जातात. पूर्वी वाटायचं, गिळता येत नाही, अन्न श्वासनलिकेत जातं, एवढंच कारण. २००३ मध्ये बर्लिनच्या गटाने दाखवलं की स्ट्रोकनंतर उंदरांची प्रतिकारशक्तीच खाली येते, ताणाच्या चेतासंस्थेमार्फत. म्हणजे मेंदूत सूज आणि बाकी शरीर निःशस्त्र. मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक द्यावं असं वाटलं. २०१५ च्या चाचण्यांत त्याने रुग्णांची स्थिती सुधारली नाही. उपयोगी पडते ती साधी गोष्ट: गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणी, चहा, दूध, प्रसाद, काहीही देऊ नका. हे प्रेमापोटी होतं, म्हणूनच इतक्या कळकळीने सांगतोय.

चाटीगल्ली

आम्ही पाणी पाजलं होतं. नशीब, ठसका लागून थांबलं. हे सगळं कानडीत आणि तेलुगूतही लिहून आपल्या पेठांत लावता येईल का? अव्वाच्या वयाच्या बायका मराठी वाचत नाहीत.

पूर्वभाग

येईल. डॉक्टरांनी चार ओळी पक्क्या करून द्याव्यात. तेलुगू माझ्या घरात होईल, कानडी तुम्ही बघा.

डॉ_सातरस्ता

आज रात्री देतो.

शेंगाचटणी

ताई, मला यातच पुढे शिकायचंय. कुठे जावं?

पूर्वभाग

जीपॅट (फार्मसीच्या पदव्युत्तर शिक्षणाची परीक्षा) आणि नायपर या राष्ट्रीय औषधशास्त्र संस्थांची प्रवेश परीक्षा, दोन्ही दे. गांधीनगरच्या नायपरमध्ये स्ट्रोकवर काम चालतं. मेंदूच्या मूलभूत अभ्यासासाठी मानेसरची राष्ट्रीय मेंदू संशोधन संस्था आणि बेंगळुरूचं निम्हान्स बघ. मुलाखतीला गेलीस की तूही विचार: तुमचे उंदीर किती महिन्यांचे असतात, मादी घेता का, औषध स्ट्रोकनंतर किती वेळाने देता, आणि मोजणाऱ्याला गट माहीत असतो का. उत्तर देताना जे मार्गदर्शक वही उघडून दाखवतील त्यांच्याकडे जा.